मार्च मॅडनेसमध्ये जागा नेमकी कोणाला मिळायला हवी?

तुमचा प्रश्न असा: २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या एनसीएए स्पर्धेत, म्हणजे मार्च मॅडनेसमध्ये, एसईसी या बड्या कॉन्फरन्सचे (कॉलेज संघांच्या गटाचे) १६ पैकी १४ संघ गेले आणि मिसुरी व्हॅली या छोट्या कॉन्फरन्समधून एकटा ड्रेक, हे रास्त आहे का, आणि जागा मुळात कोणाला मिळावी?

ज्याने ती निकालांनी कमावली त्याला. कोण ताकदीने वरचढ आहे, पुढच्या आठवड्यात कोण कोणाला हरवेल, हे मानांकन ठरवताना बघा. आत कोणाला घ्यायचं हे ठरवताना एवढंच बघायचं, की समोर आलेल्या वेळापत्रकात या संघाने काय करून दाखवलं. निवड समिती या दोन गोष्टींची सरमिसळ करते आणि त्याचा फटका हमखास मिड-मेजर, म्हणजे छोट्या कॉन्फरन्समधल्या, संघालाच बसतो.

२०२४ चा इंडियाना स्टेट घ्या. दिग्गज खेळाडू लॅरी बर्डचा कॉलेजचा संघ तो हाच. निवडीच्या रविवारी त्यांची नोंद २८-६ होती, नेट या एनसीएएच्या क्रमवारीत २९ वा नंबर. सहा पराभवांतले दोन अलाबामा आणि मिशिगन स्टेटच्या कोर्टवर झालेले, दोन ड्रेककडून. उरलेले दोन मात्र खरोखर महागात पडले: घरच्या कोर्टवर इलिनॉय स्टेटकडून आणि बाहेर सदर्न इलिनॉयकडून. सेंट लुईसला मिसुरी व्हॅलीच्या अंतिम सामन्यात ड्रेकने त्यांना ८४-८० ने हरवलं आणि कॉन्फरन्स विजेत्याला मिळणारा थेट प्रवेश गेला. तो दिवस १० मार्चचा. निवड १७ ला. मधला अख्खा आठवडा हातावर हात ठेवून बसायचं आणि बाकीच्या कॉन्फरन्सचे निकाल बघायचे.

त्या आठवड्यात बिड चोरांनी, म्हणजे जागा पळवणाऱ्या संघांनी, धुमाकूळ घातला. एरवी समितीने ज्यांचा विचारही केला नसता, असे एनसी स्टेट, ओरेगन, यूएबी आणि डुकेन आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून आत शिरले. असा संघ जिंकला की त्या कॉन्फरन्सचा तगडा संघ ॲट-लार्जच्या, म्हणजे समितीने निवडायच्या जागांच्या, रांगेत येतो आणि रांगेच्या शेपटाचा एक जण गळतो. एसीसी या कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात एनसी स्टेट व्हर्जिनियापेक्षा तीन गुणांनी मागे होता. व्हर्जिनियाचा फ्री थ्रो हुकला, मायकल ओकॉनेलने शेवटच्या क्षणी लांबून फेकलेला चेंडू बोर्डाला लागून आत पडला, सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि तिथे एनसी स्टेटने तो ७३-६५ ने काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नॉर्थ कॅरोलायनालाही हरवलं. विजेत्यांबद्दल माझी तक्रार नाही. कॉन्फरन्स जिंकणाऱ्याच्या जागेला कोणीही हात लावू नये. स्पर्धेत जीव आहे तो त्यांच्यामुळे.

तक्रार उरलेल्या जागांची आहे. व्हर्जिनिया २३-१०, नेटमध्ये पन्नाशीच्या पलीकडे, आणि तो आत. इंडियाना स्टेट बाहेर राहिलेल्या पहिल्या चारांत. डेटनला प्राथमिक फेरीत कोलोरॅडो स्टेटने व्हर्जिनियाला ६७-४२ ने लोळवलं तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं, पण तो पुरावा मी धरत नाही. नंतरच्या निकालावरून जागा योग्य होती की नव्हती हे ठरत नाही. तसं असेल तर २०२५ चा नॉर्थ कॅरोलायनाही योग्य ठरेल. क्वाड १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कठीण सामन्यांच्या गटात, १-१२ अशी नोंद घेऊन तो आत आला आणि त्याच डेटनमध्ये सॅन डिएगो स्टेटचा ९५-६८ ने धुव्वा उडवला. मोठ्या सामन्यांत बारा वेळा हरलेल्या संघाने त्या रविवारपर्यंत जागा कमावली होती का, प्रश्न तेवढाच. माझं उत्तर, नाही. (त्यांचेच ॲथलेटिक डायरेक्टर समितीचे अध्यक्ष होते, यावरून गदारोळ झाला. पण नियमानुसार आपल्या संघाची चर्चा आणि मतदान सुरू असताना सदस्य खोलीबाहेर जातो. बाकी सदस्यांनी तो संघ घेतला, हेच मला जास्त खटकतं.)

आता क्वाडचं गणित, कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. घरी नेटच्या १ ते ३० मधल्या, तटस्थ कोर्टवर १ ते ५० मधल्या, किंवा बाहेर १ ते ७५ मधल्या संघाशी सामना झाला तर तो क्वाड १. क्वाड २ ची हद्द अनुक्रमे ७५, १०० आणि १३५. एसईसीत कॉन्फरन्सचे १८ सामने, जवळजवळ सगळे या दोन खणांत. त्यामुळे २०२५ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा कॉन्फरन्समध्ये १८ पैकी १२ सामने हरूनही आत गेले. संधी इतक्या, की अधूनमधून एखादा मोठा विजय हाती लागतोच. मिसुरी व्हॅलीत २० सामने, त्यातले बहुतेक क्वाड ३ आणि ४ चे. जिंकलात तर पदरात काही पडत नाही, हरलात तर तो डाग रविवारपर्यंत पुसला जात नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: मग मोठ्या संघांशी खेळा ना! खेळतील हो, पण खेळायला येणार कोण? मोठी कॉलेजं पैसे मोजून छोट्या संघाला आपल्या कोर्टवर बोलावतात, तेही हरवता येईल अशालाच. इंडियाना स्टेट चांगला आहे हे एकदा कळलं की फोन उचलणं बंद. इंडियाना स्टेटच्या गावी, टेर हॉटला, जाऊन खेळायचा करार करायला मोठ्या संघाचा कोच सहसा तयार होत नाही. जिंकलं तर कौतुक नाही, हरलं तर नोकरीवर गदा. ज्याला संधीच नाकारली, त्याला संधी साधली नाही म्हणून बाहेर ठेवणं हा सरळसरळ अन्याय आहे.

यावर तोडगा समितीच्या कागदावर २०२४-२५ पासून आहे: डब्ल्यूएबी, म्हणजे विन्स अबव्ह बबल. तुमच्याच वेळापत्रकात बबलवरचा (आत-बाहेरच्या सीमारेषेवरचा) सरासरी संघ किती सामने जिंकला असता, आणि तुम्ही त्याहून किती जास्त जिंकलात. समजा दहाव्या क्रमांकाच्या संघाच्या कोर्टवर असा संघ शंभरात वीस वेळा जिंकेल. तुम्ही जिंकलात तर अधिक ०.८, हरलात तर वजा ०.२ फक्त. घरी अडीचशेव्या संघाविरुद्ध तो ९७ वेळा जिंकेल. तिथे विजयाचे ०.०३ आणि पराभवाचे वजा ०.९७. किती गुणांनी जिंकलात याचा हिशेब यात नाही, म्हणून दुबळ्या संघाला ४० गुणांनी चोपून नंबर फुगवता येत नाही. नेटमध्ये तो फुगतो. शिवाय क्वाडमध्ये ३० वा आणि ३१ वा यांच्यात कडा आहे, इथे उतार आहे.

पुढच्या मार्चमध्ये स्वतः ताडून बघायचं असेल तर आधी कॉन्फरन्स विजेते बाजूला काढा. उरलेल्यांचा डब्ल्यूएबी क्रम लावा आणि शेवटच्या आठ-दहा जागांसाठीच टीम शीट (संघाच्या निकालांचा तक्ता) उघडा. तिथे बाहेरच्या कोर्टवरचे विजय आणि क्वाड ३-४ चे पराभव तपासा. केनपॉम, बीपीआय हे अंदाज सांगणारे आकडे मानांकनासाठी ठेवा. दुखापतीही तिथेच मोजा. २००० साली सिनसिनाटीचा आघाडीचा खेळाडू केनयन मार्टिनचा पाय मोडल्यावर समितीने त्या संघाला दुसरं मानांकन दिलं होतं, ते बरोबरच होतं.

आणखी एक. निम्म्यापेक्षा जास्त कॉन्फरन्स सामने हरणाऱ्याला ॲट-लार्ज जागा नकोच, असं मला मनापासून वाटतं. हा नियम २०२५ ला असता तर ८-१० अशी नोंद असलेला आर्कान्सा बाहेर बसला असता, आणि त्याने तर पुढे कॅन्सस आणि सेंट जॉन्सला हरवून स्वीट सिक्स्टीन (शेवटच्या सोळा संघांची फेरी) गाठलं. पण व्हर्जिनियाचा पराभव पुरावा म्हणून धरला नाही, तसा आर्कान्साचा विजयही धरता येणार नाही. आणि डब्ल्यूएबी लावलं तर मोठ्या कॉन्फरन्सचे संघ धडाधड बाहेर पडतील असंही समजू नका. कठीण सामन्यातल्या पराभवाची किंमत त्यात कमीच असते. एसईसीचे १४ चे फार तर १२ होतील.