चांद्रविजयाची तारीख

प्रश्न : अपोलो ११ चा स्मरणदिन २० जुलैला पाळतात, आजोबा मात्र २१ जुलैच्या सकाळी रेडिओला कान लावून बसल्याचे सांगतात. खरे काय?

उत्तर : दोन्ही. १९६९ साली अपोलो ११ चे ‘ईगल’ हे चांद्रयान चंद्रावरील ‘शांतिसागर’ या सपाट प्रदेशावर उतरले, तेव्हा अमेरिकेत २० जुलैची दुपार होती, तर आपल्याकडे २१ तारखेचे पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटे झाली होती. त्यानंतर साडेसहा तासांहून अधिक काळाने आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा मोहिमेचे नियंत्रण केंद्र असलेल्या अमेरिकेतील ह्यूस्टनच्या घड्याळात २० जुलैच्या रात्रीचे ९ वाजून ५६ मिनिटे, तर भारतात सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली होती. गंमत म्हणजे, ग्रिनिचच्या वेळेनुसारही ते पाऊल २१ जुलैलाच पडले; रूढ झाली ती अमेरिकेची तारीख. आजोबांची आठवण अचूक आहे.