ब्रिटनमधल्या छोट्या चॅरिटीचा वार्षिक अहवाल बघून पैसे द्यायचे की नाही हे कसं ठरवावं?

तुम्ही लिहिलंय की केनियातल्या मुलांची फी भरणारी इथली एक छोटी चॅरिटी दर महिन्याला पैसे मागतेय आणि अहवालात ऍडमिन खर्च फक्त 4 टक्के बघून तुम्हाला बरं वाटलं. मी अशाच एका दुसऱ्या चॅरिटीचा खजिनदार आहे, बिनपगारी, आणि खरं सांगू का, त्या 4 टक्क्यांवरून काहीच कळत नाही. छोट्या संस्थेत हिशोब लिहिणारे, मीटिंगा करणारे सगळे फुकट राबतात म्हणून आकडा छोटा दिसतो, आणि तिकडचा जो माणूस शाळाशाळांत फिरून कुठली मुलगी येतेय, कुठली गळाली ते बघतो त्याचा पगार ऍडमिनमध्ये टाकायचा की कामात, हे ज्याचं तो ठरवतो!

चॅरिटी इंग्लंड-वेल्सची असेल तर चॅरिटी कमिशनच्या (चॅरिट्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) साइटवर तिचा नोंदणी नंबर टाका. वर्ष संपल्यापासून 10 महिन्यांत हिशोब द्यावे लागतात, उशीर झाला असेल तर तिथेच दिसतो. एखाद्या वर्षी होतं तसं, दरवर्षी होत असेल तर नाद सोडा. उत्पन्न फारच कमी असेल तर तिथे हिशोबाची पीडीएफ नसेलही, पण कोणीही मागितले तरी हिशोब द्यावेच लागतात, तेव्हा बिनधास्त मागा.

पीडीएफमध्ये सगळ्यात आधी रिस्ट्रिक्टेड फंड बघा, म्हणजे देणाऱ्याने ठरावीक कामासाठीच दिलेले पैसे. बोअरवेलसाठी म्हणून आलेले पैसे फीला वापरता येत नाहीत, त्यामुळे खात्यात भरपूर शिल्लक दिसते आणि तरी टर्मची फी भरायला खडखडाट, हे आमच्याकडे नेहमीचंच, आणि लोक विचारतात एवढे पैसे पडलेत तर अजून कशाला मागताय.

दुसरं म्हणजे विनिमय दर. 2024 च्या जानेवारीत डॉलरला 160 च्या आसपास केनियन शिलिंग मिळत होते, मार्चअखेर 130-135 वर आले, पौंडाचंही तसंच झालं, म्हणजे जानेवारीच्या टर्मला जेवढ्या पौंडांत फी भागली तेवढ्यात दुसऱ्या टर्मला साधारण सहावा हिस्सा कमी पडला, कोणी एक पैसा खाल्ला नसताना. त्या वर्षीच्या अहवालात याबद्दल एक ओळसुद्धा नसेल तर लिहिणाऱ्याने गेल्या वर्षीचाच मजकूर तारीख बदलून टाकलाय असं मी समजतो.

आणि त्यांना सरळ मेल करून विचारा की फी शाळेच्या बँक खात्यात जाते की कुणाच्या एम-पेसावर (तिकडचं मोबाइलवरून पैसे पाठवायचं खातं). एम-पेसा वाईट नाही, तिकडे सगळा व्यवहारच त्यावर चालतो, पण मग शाळेची शिक्का मारलेली पावती हवी. आम्ही व्हॉट्सऍपवर पावतीचा फोटो आल्याशिवाय पुढच्या टर्मचे पैसे सोडत नाही, त्यावरून तिकडच्यांशी वादही होतात.

समाधान झालं आणि तुम्ही इथे इन्कम टॅक्स भरत असाल तर देणगीच्या फॉर्मवर गिफ्ट एड (देणगीवरचा कर चॅरिटीला मिळायची सरकारी योजना) टिक करायला विसरू नका, 1 पौंडामागे त्यांना सरकारकडून 25 पेन्स जास्त मिळतात.