वाचकांचे प्रश्न : घसरता रुपया, टॉवेलचे माग आणि शेअर बाजार

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे टेरी टॉवेलचे माग आहेत आणि बराचसा माल निर्यातदारामार्फत परदेशी जातो. रुपया घसरला की आमच्या धंद्याला बरे दिवस येतात असे म्हणतात. मग त्याच दिवशी शेअर बाजार का पडतो? एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची ठरावीक गुंतवणूक) थांबवून ते पैसे आयटी कंपन्यांच्या शेअरमध्ये घालावेत का?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : परदेशी गुंतवणूकदार आपला नफातोटा डॉलरमध्ये मोजतो, हे या कोड्याचे मूळ आहे. समजा, डॉलर 80 रुपयांना असताना त्याने 100 डॉलर आणून 8,000 रुपयांचे शेअर घेतले. ते 5 टक्क्यांनी वाढून 8,400 रुपयांचे झाले, पण तोवर डॉलर 84 रुपयांवर गेला, तर परत जाताना त्याच्या हाती पुन्हा 100 डॉलरच पडतात. म्हणून रुपया आणखी घसरण्याची शंका आली की तो शेअर विकून डॉलर घेतो आणि त्या खरेदीनेच रुपया आणखी खाली जातो. 2013 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बाजारात डॉलर ओतणारी रोखेखरेदी आटोपती घेण्याचे सूतोवाच मे महिन्यात केले, तेव्हा 55-56 रुपयांना असलेला डॉलर ऑगस्टअखेर 68 च्या पुढे गेला. रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने जुलैत बँकांना मिळणारा अल्पमुदतीचा उसना पैसा महाग केला, त्याचा मार बँकांच्या शेअरना बसला. डॉलरमध्ये कमावणाऱ्या आयटी कंपन्यांचे शेअर मात्र त्या वर्षी चढले. तेल बहुतांशी आयातच होत असल्याने, इंधन म्हणून ते जाळणाऱ्या विमान कंपन्या आणि त्यापासूनचा कच्चा माल वापरणाऱ्या रंग कंपन्या यांचा खर्चही अशा वेळी वाढतो.

'बरे दिवस' मात्र जपूनच मोजावेत. ऑर्डर डॉलरमध्ये पक्की झालेली आणि सूत जुन्या भावाने घेऊन ठेवलेले असेल, तर वाढीव पैसा निर्यातदाराला मिळतो. आपण किलोमागे रुपयांत ठरलेल्या दराने माल देत असाल, तर त्यातले आपल्या बिलात काय उतरते ते आपणच जाणता. शिवाय सूतगिरण्यांनाही निर्यात परवडू लागली की सुताचा भाव चढतो, आणि परदेशी ग्राहक तर पुढच्या ऑर्डरला हमखास दर कमी करून मागतो. (रुपया वधारल्यावर दर वाढवून देणारा ग्राहक अजून तरी आमच्या पाहण्यात नाही.)

तरीही आपली रोजीरोटी आधीच डॉलरला बांधलेली आहे. बचतही आयटीत घातली, तर अमेरिकेत मंदी येताच टॉवेलच्या ऑर्डरी आणि शेअरचे भाव एकदमच आटतील. एसआयपी चालू ठेवावी, तिच्यात देशांतर्गत मागणीवर चालणाऱ्या कंपन्यांचा वाटा भरपूर आहे ना, एवढे पाहावे. सुताचा आणि पगाराचा पैसा शेअर बाजारात घालू नये.

प्रश्न : रुपया घसरल्यावर सोने का महागते?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : सोने बव्हंशी आयात होते आणि त्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो, त्यामुळे तो भाव स्थिर असला तरी रुपयांत तोळा महाग पडतो. मात्र जागतिक भावच उतरला, तर रुपया घसरूनही सोने स्वस्त होऊ शकते, म्हणून केवळ डॉलरकडे पाहून दागिने घडवण्याची घाई करू नये.