धडधड, कोरडा घसा आणि उडालेली झोप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वर्गातली एक मुलगी समोर आली की छाती धडधडते, तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते. परीक्षेच्या हॉलबाहेरही माझं अगदी असंच होतं. मग हे प्रेम म्हणायचं की भीती?

उत्तर : नुसत्या धडधडीवरून ते ठरत नाही. काहीतरी महत्त्वाचं घडतंय असं मेंदूला वाटलं, की शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था कामाला लागते आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक सोडतात. ठोके वाढतात, लाळ आटते. तळहातांच्या घर्मग्रंथी तर उकाड्यापेक्षा मनावरच्या ताणालाच जास्त दाद देतात, म्हणून थंडीतही हात ओले. समोर प्रश्नपत्रिका आहे की आवडती व्यक्ती, याचा अर्थ आपणच लावतो. आणि लावताना चुकतोही.

डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली याची परीक्षाच घेतली. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नावाचा झुलता पूल आहे, खाली खोल दरी. तिथे एका तरुणीने पुलावर आलेल्या पुरुषांना काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर देऊ केला. नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी तिला फोन केला. जवळच्याच बुटक्या, भक्कम पुलावर हे प्रमाण १६ पैकी २ इतकंच होतं. उंचीची धडधड अनेकांनी तिच्या खात्यावर मांडली, असा निष्कर्ष निघाला. प्रयोग लहान होता, पण मला तो फार मोलाचा वाटतो. तेव्हा छातीवर हात ठेवून पाहण्यापेक्षा, निवांत असताना तिच्याशी बोलावंसं वाटतं का, ते पाहा. तो पुरावा जास्त भरवशाचा.

प्रश्न : तो भेटणार असला की पोटात गोळा येतो, जेवण जात नाही. रात्र रात्र झोप लागत नाही. हे नॉर्मल आहे का?

उत्तर : सुरुवातीच्या दिवसांत, हो. पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, जठराचं काम मंदावतं. आतड्यांच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. तिथली खबर पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत मेंदूला पोचते आणि आपल्याला गोळा जाणवतो.

झोपेचं कारण अधिक खोल आहे. मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांना प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवत त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला. डोपामाइन हे मेंदूतलं रसायन तयार करणारा, काहीतरी मिळवण्याची ओढ लावणारा भाग त्यात उजळून निघाला. त्याआधी १९९९ साली इटलीतल्या मनोविकारतज्ज्ञ डोनाटेला माराझिती यांना अशाच २० जणांच्या रक्तात सेरोटोनिन (मनःस्थितीशी निगडित रसायन) वाहून नेणारं प्रथिन कमी आढळलं होतं, जवळजवळ मंत्रचळाच्या (ओसीडी, म्हणजे तोच तोच विचार छळत राहणारा आजार) रुग्णांइतकं. तोच तोच विचार डोक्यातून जात नाही, तो तुमचा कमकुवतपणा नव्हे.

मात्र आठवडेच्या आठवडे अन्न-झोप नसेल, किंवा शांत बसलेलं असतानाही धडधडून चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : फेरोमोन असलेल्या अत्तराने समोरची व्यक्ती आकर्षित होते का?

उत्तर : नाही. फेरोमोन म्हणजे एका प्राण्याने सोडलेलं, त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला इशारा देणारं रसायन. माणसातलं एकही फेरोमोन अजून सिद्ध झालेलं नाही. पैसे वाचवा.

प्रश्न : लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा घरी आला की आता काहीच धडधडत नाही. प्रेम आटलं का?

उत्तर : नाही हो. वर सांगितलेल्या माराझिती यांनी त्या २० जणांतल्याच काही जणांना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलं, तेव्हा सेरोटोनिनचं ते गणित पूर्ववत झालेलं होतं. सतत तारेवर असलेलं शरीर असं शांत होणं आरोग्याला बरंच. शिवाय, सरासरी वीसेक वर्षं संसार करूनही आपलं उत्कट प्रेम आहे असं सांगणाऱ्यांच्या मेंदूत जोडीदाराचा फोटो पाहून डोपामाइनचा तोच भाग जागा झालेला दिसला आहे. म्हणजे धडधड नसतानाही ओढ असू शकते.

धडधडही थोडी परत हवी असेल, तर दोघांनी मिळून कधी न केलेलं काहीतरी करा. पुलाच्या प्रयोगातल्याच ॲरन यांनी २००० साली काही जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून त्यांना गादीवरून रांगायला लावलं होतं, मध्ये उशी धरून. सात मिनिटांच्या त्या खेळानंतर, साधं-सोपं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा त्यांना आपलं नातं अधिक चांगलं वाटलं.