कसाबवर चार वर्षं खटला कशाला चालवला?

जिवंत हाती लागला, हातात बंदूक घेतलेला फोटो सगळ्यांनी पाहिला, मग चार वर्षं कोर्टाने काय केलं, असं तुम्ही विचारलंय. राग रास्त आहे. 26/11 च्या मुंबई हल्ल्यात 166 माणसं गेली, आणि तुकाराम ओंबळ्यांनी स्वतःच्या अंगावर गोळ्या झेलल्या म्हणून तो जिवंत सापडला. मी फौजदारी वकिली करतो, म्हणून त्या खटल्यातलंच सांगतो.

20 जुलै 2009 ला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात कसाबने अचानक गुन्हा कबूल केला. त्याच दिवशी प्रकरण मिटवता आलं असतं. पण कबुली अर्धवट होती. न्या. टहलियानींनी ती नोंदवून घेतली आणि साक्षीपुरावा चालूच ठेवला. सीएसटीवर पायाला गोळी लागलेली दहा वर्षांची मुलगी त्याआधीच कुबडी घेऊन येऊन त्याला ओळखून गेली होती.

याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते. त्यांच्याविरुद्ध मोठा पुरावा म्हणजे हाताने काढलेला एक नकाशा. तो मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असं पोलिसांचं म्हणणं. कपडे रक्ताने माखलेले, नकाशावर मात्र डाग नाही, धड चुरगळलेलाही नाही! कोर्टाने तो मानला नाही. मे 2010 मध्ये कसाबला फाशीची शिक्षा सुनावली गेली, ते दोघे सुटले. 29 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयानेही दोन्ही कायम ठेवलं. फाशीवर कुणाला बोट ठेवता आलं नाही ते यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

उशिराची बाजू मात्र मी घेणार नाही. 2006 च्या लोकल बाँबस्फोटांत 2015 ला बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तो निकाल पुढच्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एकोणीस वर्षं! ज्यांची माणसं गाडीत गेली त्यांनी कुणाकडे बघायचं?

आणखी एक. कसाबच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. आज रिमांडला एखादा पाकीटमार उभा राहतो, तेव्हा त्याला विचारतात, "वकील आहे का? नसेल तर सरकारी खर्चाने देऊ."