बाथरूमचे नूतनीकरण : टाइल निवडण्याआधी पाण्याची वाट ठरवा

सुमारे 5 बाय 7 फुटांचे जुने बाथरूम पूर्ण नवे करायचे आहे, त्यात काचेच्या आडोशामागचा शॉवर, भिंतीवर टांगलेला कमोड आणि मोठ्या टाइल्स हव्या आहेत, ठेकेदार मात्र जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवू म्हणतो आहे आणि सुरुवात टाइल्सच्या निवडीपासून करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते टाइल हा सर्वांत शेवटी घ्यायचा निर्णय आहे. बाथरूममध्ये पाणी कुठून, किती जोराने येणार आणि कुठून, किती उताराने जाणार, हे आधी ठरते; बाकीचे सगळे त्यावर बसते.

निचऱ्यापासून सुरुवात करू. बेसिन आणि नळ इकडेतिकडे हलवणे तुलनेने सोपे असते, कारण त्यांचे पाइप बारीक असतात आणि भिंतीत झिरी मारून फिरवता येतात. कमोडचा पाइप मात्र सुमारे 11 सेंटीमीटर व्यासाचा असतो आणि त्याला दर मीटरमागे साधारण 2 सेंटीमीटर उतार द्यावा लागतो. म्हणजे कमोड आजच्या जागेपासून 2 मीटर लांब न्यायचा असेल, तर पाइपाचे 11 आणि उताराचे 4, अशी किमान 15 सेंटीमीटर खोली फरशीखाली मोकळी हवी, आणि त्यावर कोबा, वॉटरप्रूफिंग व टाइल यांची जाडी वेगळी. तेवढी खोली नसेल तर एक तर बाथरूमची फरशी उंच करावी लागते किंवा उतार कमी करून पाइप बसवला जातो, आणि उतार कमी पडलेला मैलपाइप पुढे वारंवार तुंबतो. म्हणून कमोड शक्यतो आहे तिथेच ठेवावा आणि बाकीची मांडणी त्याच्याभोवती बसवावी.

आपल्या मापात ही मांडणी कशी बसते ते पाहू. 7 फूट म्हणजे साधारण 210 सेंटीमीटर. लांब भिंतीच्या टोकाला शॉवरसाठी 90, मधल्या भागात कमोडसाठी 75 आणि दाराजवळ बेसिनसाठी 45 सेंटीमीटर, अशी विभागणी जेमतेम जमते. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किंवा काचेपर्यंत 38 ते 40 सेंटीमीटर आणि समोर किमान 60 सेंटीमीटर मोकळे असावेत. याहून कमी जागेत रोज कोपर आणि गुडघे आपटतात. ही सारी मापे टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून धरायची असतात. प्लास्टर खरवडलेल्या भिंतीपासून मोजले, तर प्रत्येक बाजूला 2 ते 3 सेंटीमीटरचा फरक पडतो आणि एवढ्या लहान खोलीत तो लगेच जाणवतो. कागदावरच्या आराखड्यावर विसंबू नये. खडूने जमिनीवर पूर्ण आकाराची आखणी करावी, कमोडच्या जागी खुर्ची ठेवून त्यावर बसावे, शॉवरच्या चौकोनात उभे राहून वाकून पाहावे आणि दार पूर्ण उघडून ते कशाला अडते का, हे तपासावे. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असेल तर उत्तम, कारण आत कोणी घसरून दाराला टेकून पडले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलणे अवघड होते.

भिंतीवर टांगलेल्या कमोडने जागा वाचते, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याची लोखंडी चौकट आणि लपवलेली टाकी यांसाठी भिंतीपुढे 12 ते 20 सेंटीमीटर जाडीची आणखी एक भिंत येते आणि एकूण लांबी जमिनीवरच्या कमोडइतकीच भरू शकते. त्याचा खरा फायदा खालची फरशी सहज पुसता येण्याचा आहे, शिवाय कमोडची उंची आपल्या सोयीने ठरवता येते. तो हवाच असेल, तर निचरा भिंतीतून नेता येईल की जमिनीतून, हे प्लंबरकडून आधी खात्रीने जाणून घ्यावे.

शॉवर निवडताना लोक त्याचा आकार पाहतात. पाहायला हवा तो दाब. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापेक्षा 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो. 3 मीटर उंच असेल तर फक्त 0.3 बार, आणि तेवढ्यावर छतातला रुंद शॉवर नुसता ठिबकतो. मग दाब वाढवणारा पंप लावावा लागतो, त्याची जागा व वायरिंग आताच ठरवावी लागते. गरम पाण्याचा हिशेबही याच वेळी करावा. 25 लिटरच्या गीझरमधले 60 अंशांचे पाणी 20 अंशांच्या गार पाण्यात निम्मे-निम्मे मिसळले, तर 40 अंशांचे सुमारे 50 लिटर पाणी होते. मिनिटाला 12 लिटर ओतणारा शॉवर ते चार मिनिटांत संपवतो. तेव्हा शॉवर लहान घ्यायचा की गीझर मोठा, हा निर्णय भिंती फोडण्याआधीचा आहे. भरलेल्या गीझरचे वजनही लक्षात घेऊन तो भक्कम भिंतीवरच टांगावा.

आता ठेकेदाराच्या सूचनेबद्दल. जुन्या टाइल्स घट्ट असतील, ठोकल्यावर बद्द आवाज येत नसेल आणि खालच्या मजल्यावर किंवा शेजारच्या खोलीत ओल नसेल, तर कोरड्या भिंतींवर टाइलवर टाइल चालू शकते. आपल्या बाबतीत मी फरशीवर आणि शॉवरच्या भागात ती मुळीच सुचवणार नाही. पाणी अडवण्याचे काम टाइलचे नसते. सांध्यांतून ते थोडेफार झिरपतेच आणि खालचा वॉटरप्रूफिंगचा थर त्याला थोपवतो. तो थर जुना झाला असेल, तर वरच्या नव्या टाइलने त्यात काडीचाही फरक पडत नाही. शिवाय पातळी दीड-दोन सेंटीमीटरने वाढते, उंबरा बुडतो, दार खालून कापावे लागते आणि भिंतीतले मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारे नळ) आत खोल जातात. नवे मिक्सर बसवतानाही हीच काळजी घ्यावी: त्यांच्या आवरणावर किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात आणि टाइलचा अंतिम पृष्ठभाग त्या दोहोंच्या मध्ये यावा लागतो. यासाठीच नळ, मिक्सर आणि कमोड प्लंबिंगच्या आधी निवडून, शक्य तर हाताशी आणून ठेवावेत.

पाइप टाकून झाले की झिऱ्या बुजवण्याआधी ते कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासून घ्यावेत, आणि प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढावेत. पुढे आरसा किंवा आधाराचा दांडा लावताना ड्रिल कुठे मारू नये, हे त्या फोटोंवरूनच कळते.

स्वतः उभे राहून लक्ष द्यावे, असे वॉटरप्रूफिंग हे एकच काम आहे. जमीन आणि भिंत जिथे मिळतात, तिथे सिमेंटच्या मसाल्याने गोलाई करून घ्यावी, कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती जाळी बसवावी, थर किमान दोनदा द्यावा आणि तो सर्व भिंतींवर 30 सेंटीमीटर व शॉवरच्या भिंतींवर सुमारे 2 मीटरपर्यंत चढवावा. उंबऱ्याखालीही तो सलग असला पाहिजे. पुष्कळदा गळती तिथूनच खोलीत शिरते. थर पूर्ण वाळल्यावर नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून निघून जाते त्याचे, तोंड घट्ट बंद करून 3 ते 5 सेंटीमीटर पाणी साठवावे, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारावी आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही तशीच खूण करावी. निदान 24 तास, जमल्यास 48 तास थांबावे. बादलीतली पातळी जेवढी उतरेल तेवढे पाणी वाफ होऊन गेले. फरशीवरची पातळी त्याहून अधिक उतरली, तर थरात कुठेतरी वाट आहे. ही चाचणी टाइल लावण्यापूर्वी झाली पाहिजे. वेळ नाही, असे ठेकेदार म्हणू लागला, तर त्याला वेळ मिळेपर्यंत काम थांबवावे.

मोठ्या टाइल्स भिंतीवर अवश्य लावाव्यात, सांधे कमी राहतात. शॉवरच्या जमिनीला मात्र मीटरला दीड सेंटीमीटरच्या आसपास ढाळ हवा आणि मधल्या जाळीकडे चारही बाजूंनी ढाळ देताना 60 सेंटीमीटरची सपाट टाइल तिरकी कापावी लागते, जे दिसायला वाईट असते. एक तर तिथे लहान, खरखरीत टाइल घ्यावी, किंवा भिंतीलगत लांबट जाळी घेऊन एकाच दिशेने ढाळ द्यावा. सांधे भरण्यासाठी ओल्या भागात इपॉक्सी ग्राउटच (सिमेंटऐवजी रेझिनचा मसाला) घ्यावे.

विजेच्या बाबतीत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि गीझरची स्वतंत्र लाइन यांत तडजोड नको. एक्झॉस्ट पंखा शॉवरजवळ आणि दारापासून दूर असावा, त्याची हवा थेट बाहेर जावी, खोट्या छतात नव्हे, आणि दाराखाली एक-दोन सेंटीमीटर फट असावी, नाहीतर पंखा फिरत राहतो पण हवा हलत नाही.

आपण कमोडच्या पाइपाचा मध्य मागच्या व बाजूच्या भिंतीपासून किती अंतरावर आहे, फरशीखाली किती खोली मिळते आणि टाकीची उंची किती आहे, ही मापे कळवलीत, तर टांगलेला कमोड आणि छतातला शॉवर तिथे बसतील का, हे नेमके सांगता येईल.