बाडेनला येताय? घराआधी नद्या बघा

तुम्ही विचारलंत, नवऱ्याची नोकरी स्वित्झर्लंडमधल्या बाडेनला, मार्चमध्ये मुलाला घेऊन येणार, तर घर आरगाउ प्रांतात कुठे बघावं? नदीकाठी पुराची भीती असते का? आणि तिकडे सगळे डोंगरच ना? मी अकरा वर्षं ब्रुगजवळ राहते, माहेर कराडचं. त्यामुळे नद्यांबद्दल कोणी विचारलं की माझं उत्तर लांबतंच.

डोंगर दिसतील, पण लांबून. आरगाउ हा बहुतांशी आल्प्स आणि युरा या दोन रांगांमधला सखल भाग. बाडेनची उंची चारशे मीटरसुद्धा नाही, म्हणजे पुण्याहून कमी. पण देशाचं पाणी इथेच उतरतं. बर्नकडून आरे येते, लुत्सर्नच्या सरोवरातून रॉइस आणि झुरिकच्या सरोवरातून लिमाट. विंडिश आणि गेबेनश्टॉर्फच्या मधे आधी रॉइस आरेला मिळते, आणि थोडंच पुढे लिमाट. स्वित्झर्लंडचं सुमारे ४० टक्के पाणी या एवढ्याशा जागेतून जातं. लोक या जागेला 'वासरश्लोस' म्हणतात, म्हणजे पाण्याचा किल्ला. आमच्याकडे कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तसं इथे नाही. इथे एकामागून एक येऊन मिसळतात. वर गेबेनश्टॉर्फर हॉर्नच्या कड्यावरून हे सगळं दिसतं. पुढे कोब्लेंत्सला आरे ऱ्हाइनला मिळते. तिथे आरेचं पाणी ऱ्हाइनपेक्षा जास्त असतं, तरी पुढे नाव ऱ्हाइनचंच चालतं. मला अजून ते पटत नाही.

आता घराचं. नकाशावर अंतर मोजू नका, खोरं बघा. आरेच्या दक्षिणेला वीनेनटाल, जेटाल, ब्युन्त्सटाल अशी लांबट खोरी शेजारी-शेजारी पडली आहेत. हिमनद्यांनी कोरलेली, सगळी साधारण दक्षिणोत्तर. रेल्वेही खोऱ्यातूनच धावते. म्हणून वीनेनटालच्या वरच्या टोकाला मेन्त्सिकेनमध्ये भाडं कमी दिसलं, तरी तिथून बाडेनला यायचं तर आधी खाली आराउला उतरा, मग गाडी बदला. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने असं घर घेतलं आणि वर्षभरात सोडलं. तुमच्यासाठी लिमाटच्या किंवा आरेच्या काठची गावं सोयीची: वेटिंगेन, टुर्गी, ब्रुग. बाडेनहून झुरिकला जलद गाडी पंधरा-वीस मिनिटांत पोचते, त्यामुळे झुरिकचं भाडं भरायची गरज मला वाटत नाही. युराच्या पलीकडचा फ्रिकटाल बाझेलच्या बाजूचा, तो सोडून द्या.

पुराची भीती रास्त आहे. २०१९ मध्ये कराड-सांगलीला जे झालं ते माझ्या घरच्यांनी सोसलंय, म्हणून हे नीट सांगते. इथल्या मोठ्या नद्या आधी सरोवरांतून येतात, आणि सरोवरं पाणी धरून ठेवतात. आरेचं तर पात्रच वळवलं आहे. १८७८ मध्ये हाग्नेकचा कालवा काढून तिला बीलच्या सरोवरात सोडलं. त्या सरोवराच्या तोंडाशी दरवाजे आहेत, आणि मुर्गेनथालला, जिथे आरे आरगाउत शिरते, तिथे प्रवाह सेकंदाला ८५० घनमीटरच्या वर जाऊ नये अशा बेताने ते चालवतात. अवघड जाते एमे नदी. ती सरोवराच्या खाली आरेला मिळते, तिला अडवणारं काही नाही, आणि वादळी पावसात झपाट्याने फुगते. २००५ आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये इथेही पूर आले होते. प्रांताच्या संकेतस्थळावर पूरधोक्याचा नकाशा आहे. घराचा पत्ता टाकून बघा, विशेषतः तळमजला असेल तर. तळघरातल्या कोठीत कागदपत्रं किंवा पुस्तकं ठेवू नका.

नदी भरण्याचा हंगाम मात्र आपल्यापेक्षा वेगळा. मे-जूनमध्ये, कराडला वाळवंट उघडं पडलेलं असताना, इथे बर्फ वितळून आरे काठोकाठ वाहते. पाणी हिरवट, स्वच्छ आणि गार. जुलै-ऑगस्टमध्ये लोक सर्रास पोहतात, पण मुलाला पहिली दोन वर्षं तरी पोहण्याच्या तलावातच पाठवा. जागोजागी वीजकेंद्रांचे बंधारे आहेत, आणि प्रवाहाची ओढ काठावरून कळत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी याच खोऱ्यांत धुकं साचतं. आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी फार खचले होते, कारण कोणी सांगितलंच नव्हतं. पुष्कळदा धुक्याची साय खालीच असते. बाडेनशेजारच्या लेगर्नच्या धारेवर किंवा युरात आणखी वर चढलं की निळं आभाळ भेटतं. तेवढं जमलं नाही, तर बाडेनमध्ये लिमाटच्या काठी गरम पाण्याची उघडी कुंडं आहेत, अगदी मोफत. ४७ अंशांचे झरे, रोमन लोकांपासून वापरात असलेले. वज्रेश्वरीची आठवण येते. टॉवेल घेऊन जा.

मार्चमध्ये पोचलात की कळवा. बाडेनहून कोब्लेंत्सला थेट लोकल आहे. वाटेत क्लिंगनाउला उतरू, तिथल्या बंधाऱ्याच्या जलाशयावर पाखरं बघायला मुलालाही आवडेल.